नवरीचं नाक आणि ताईचा चारकोल

मी फोंड्यात रविवारी सकाळी पोर्ट्रेटचा क्लास घेतो. आठ-दहा जण असतात, कोणी बँकेतलं, कोणी रिटायर झालेलं, एक-दोन बारावीची पोरं जी पणजीतल्या आल्तिनोवरच्या आर्ट कॉलेजच्या एंट्रन्सची तयारी करतात. हे प्रकरण क्लासात सुरू झालं आणि डिचोलीतल्या एका पार्लरमध्ये जाऊन अडकलं. जिच्याबद्दल लिहितोय तिला सगळे ताई म्हणतात, मीही ताईच म्हणतो. तिला आणि त्या नवरीला विचारून लिहितोय, गावं आणि तारखा थोड्या इकडच्या तिकडे केल्यात. कोणाला ओळखू आलंच तर गप्प राहा एवढंच.

पार्श्वभूमी

ताईचं पार्लर चौदा वर्षांचं. दोन खुर्च्या, एक हेल्पर पोरगी, भिंतीवर एक मोठा आरसा ज्याच्या भोवती बल्ब लावलेत, आणि काउंटरखाली एक लांब वही. तुळशीचं लग्न झालं की तिचा सीझन सुरू, मे संपेपर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही, मग पावसात सगळं थंड. असल्याच एका पावसाळ्यात ती क्लासला आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, मला चित्रबित्र काढायचं नाही, मला फक्त नाकाचं शेडिंग नीट शिकायचंय."

हे ऐकायला गमतीशीर वाटतं पण बरोबर आहे. पार्लरमध्ये ज्याला कंटूर म्हणतात ते म्हणजे आपलं छायाप्रकाशाचंच गणित, गडद केलं की भाग मागे जातो, उजळ केलं की पुढे येतो. आम्ही कागदावर करतो, ती चेहऱ्यावर करते. उलट तिचं काम जास्त अवघड, आमचा कागद घामत नाही.

त्या लांब वहीबद्दल आधी सांगतो कारण सगळं प्रकरण त्या वहीत दिसतं. प्रत्येक नवरीचं एक पान. वर तारीख, हॉल, साडीचा रंग, आणि खाली चेहऱ्याच्या नोंदी. जुनी पानं मी नंतर बघितली, तिथं असं लिहिलेलं: नाक जाड, बारीक करणे. कपाळ मोठं, बटा सोडणे. रंग सावळा, दोन शेड वर. डावा डोळा लहान, लायनर जाड. म्हणजे गॅरेजात गाडी आली की मेकॅनिक जशी कामांची यादी करतो तशी. ताई वाईट बाई नाही, तिला शिकवलंच तसं होतं. मेकअपच्या कोर्समध्ये एक आदर्श अंडाकृती चेहरा काढून देतात आणि समोरचा चेहरा त्यापासून किती लांब आहे ते बघायला सांगतात, लांब असेल तेवढं सारखं करायचं.

तिचं पहिलं ड्रॉइंग माझ्याकडे आहे. दोन मोठे बदामी डोळे, वर पंख्यासारख्या पापण्या, सरळ बारीक नाक, आणि डोळे जवळजवळ कपाळात. हे सगळ्यांचं होतं. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, वर जेवढं तेवढंच खाली, पण शिकलेलं नसलं की माणूस डोळे वर ढकलतो, कारण कपाळावर आणि टाळूवर बघण्यासारखं काही नाही असं त्याला वाटतं. तेव्हा समोर मॉडेल म्हणून बसलेली आमच्याच क्लासातली एक मुलगी, तिचे डोळे छोटे आणि किंचित खाली झुकलेले. ताईनं समोरची मुलगी काढलीच नव्हती, डोक्यातली सुंदर बाई काढली होती. ती बाई आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असते. दिवाळी अंकांच्या कव्हरवरून, कॅलेंडरवरून, सीरियलमधून येऊन बसलेली. आमच्या गोव्यातच जन्मलेल्या चित्रकार दीनानाथ दलालांनी मराठी घराघरात जी देखणी बाई पोचवली तिचं ऋण मी मानतोच, पण ती मॉडेल म्हणून समोर बसलेली नसते.

मग नेहमीची औषधं दिली. फोटो उलटा धरून काढायचा, म्हणजे हा डोळा, हे नाक असं मेंदू म्हणेनासा होतो आणि नुसते आकार दिसतात. डोळे बारीक करून बघायचं, म्हणजे बारकावे जाऊन फक्त उजेड आणि अंधार राहतो. ओळंबा धरून बघायचं की डोळ्याच्या कोपऱ्याच्या बरोबर खाली ओठाचा कुठला भाग येतो. तीन महिने ती कंटाळली, चौथ्या महिन्यात काहीतरी झालं.

पाचव्या महिन्यात मी देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या एका आजोबांना बसवलं. नाक भलं मोठं, मध्ये मोडलेलं, गाल आत गेलेले. ब्रेकमध्ये ताई माझ्याकडे येऊन म्हणाली, "काय नाक आहे हो!" मी म्हटलं मोठं आहे ना. म्हणाली, "मोठं काय, असं आहे की त्याच्यावर उजेड थांबतो." मला तेव्हा फार आनंद झाला होता, तो आनंद जरा घाईचा होता हे आता कळतं.

नंतर पणजीला गेलो सगळे. तिथल्या फोंतेनाश भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्रिंदादची चित्रं आहेत. आंतोनियो शाविएर त्रिंदाद, १८७० सालचा, मूळ सांग्याचा, मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकला आणि तिथंच शिकवलं, पोर्ट्रेटमध्ये त्याला पूर्वेचा रेम्ब्रां म्हणायचे. मग पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये आंजेलो द फोन्सेकाचं काम. हा १९०२ चा, सांत इस्तेव्हचा, शांतिनिकेतनात शिकलेला, आणि त्यानं येशूची आई मेरी काढली ती साडी नेसलेली, सावळी, इथल्या चेहऱ्याची. त्या काळी त्यावर भरपूर टीका झाली. ताई त्या सावळ्या मेरीसमोर बराच वेळ उभी होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आणि मी चौदा वर्षं दोन शेड वर लावतेय."

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाटेल मी नुसत्या भावना लिहितोय. शिकलेला डोळा खरंच वेगळा चालतो याचे काही पुरावे आहेत. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये नजर कुठं फिरते ते मोजलं, तर न शिकलेले लोक चित्रातल्या माणसांवर आणि ओळखीच्या वस्तूंवर जास्त थांबले, चित्रकार रचनेच्या, म्हणजे ज्याला नाव देता येत नाही अशा भागांवर जास्त. त्याआधी हम्फ्री ओशन नावाच्या इंग्लिश पोर्ट्रेट चित्रकाराला स्कॅनरमध्ये झोपवून चेहरे काढायला लावलं होतं, तर चेहरा ओळखण्याच्या कामात नेहमी जो मेंदूचा भाग राबतो तो त्याचा नवशिक्यापेक्षा कमी राबला आणि विचार करणारा पुढचा भाग जास्त. एक चित्रकार आणि एक नवशिका, दोघंच, त्यामुळे त्यावर महाल बांधू नये. पण क्लासात मी जे बघतो त्याच्याशी जुळतं.

दुसऱ्या बाजूलाही पुरावे आहेत हेही सांगतो. १९९० मध्ये अमेरिकेत बरेच चेहरे कॉम्प्युटरवर एकात एक मिसळून लोकांना दाखवले, तर मिसळलेला चेहरा बहुतेक सुट्या चेहऱ्यांपेक्षा लोकांना देखणा वाटला. गाल्टननं तर १८७० च्या दशकातच फोटोवर फोटो छापून हे पाहिलेलं. म्हणजे सरासरीकडे झुकणारा चेहरा लोकांना आवडतो, ताईचं जुनं पार्लर काही मूर्खपणावर चालत नव्हतं. पण चेहऱ्याचे जे कडक नियम सांगतात, चेहरा पाच डोळ्यांएवढा रुंद, नाक एका डोळ्याएवढं रुंद वगैरे, ते कॅनडातल्या लेस्ली फार्कासनं १९८० च्या दशकात खऱ्या माणसांवर मोजून बघितले आणि बऱ्याच जणांत ते बसलेच नाहीत. सुरुवातीला हात बसायला नियम ठीक, माणूस मापायला नाही.

अडचण कुठे आली

सतरा महिने झाले होते. डिसेंबरचं लग्न, नवरी पेडण्याकडची, वय सव्वीस, सावळी, नाक रुंद आणि टोकाला किंचित खाली, डावी भुवई उजवीपेक्षा वर. लग्नाच्या तीन आठवडे आधी ट्रायल.

ताईनं त्या दिवशी वहीत काय लिहिलं ते बघा: रंग गळ्याशी जुळवणे. नाक ठेवणे. डावी भुवई वर, ठेवणे, छान. "छान" या शब्दाखाली दोन रेघा.

आणि तिनं तसंच केलं. फाउंडेशन गळ्याच्या रंगाचं, नाकाला कंटूर नाही, भुवया जशा होत्या तशा फक्त साफ. डोळ्यांवर मात्र मन लावून काम केलं. मला फोटो पाठवला, खिडकीच्या उजेडातला. मी खरं सांगतो, सुंदर होता. चेहऱ्याला वजन होतं, बघत राहावंसं वाटत होतं. मी रिप्लाय केला, "हे पोर्ट्रेट आहे!" तो मेसेज आता मला नको वाटतो.

ट्रायलला नवरी आणि तिची आई दोघी होत्या. दोघी आरशात बघून गप्प राहिल्या. ताईला वाटलं आवडलं. नवरी "बरं आहे ताई" म्हणाली, आईनं पर्स उचलली, गेल्या. पहिली चूक ही. पार्लरमध्ये येणारी बाई आवडलं तर गप्प बसत नाही, ती वळून वळून बघते, मोबाईल काढते, हेल्परला विचारते कशी दिसते गो. गप्प बसली म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे ताईला चौदा वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. पण त्या दिवशी ती गिऱ्हाइकाचा चेहरा चित्रकारासारखा बघत होती, आकार आणि उजेड दिसत होते, चेहऱ्यावर काय चाललंय ते नाही. षडंगात, म्हणजे चित्रकलेची जी जुनी सहा अंगं सांगतात त्यांत, भाव वेगळा सांगितलाय तो उगाच नाही.

रात्री साडेनऊला आईचा फोन. "पोरीला काळी केली तुम्ही. आणि तोंड वाकडं दिसतं. पोर रडतेय. अॅडव्हान्स परत द्या, आम्ही म्हापशाला दुसरीकडे बघतो." ताईनं एवढंच म्हटलं, "काकी, उद्या बोलू." आणि मला फोन लावला.

नवरीनं घरी जाऊन सेल्फी काढले होते, वीस-पंचवीस. ते तिनं ताईला पाठवले आणि मीही पाहिले. त्यातली मुलगी खरंच वेगळी दिसत होती, नाक पुढे आलेलं, एका बाजूला ओढलेला चेहरा. त्यामागे दोन गोष्टी होत्या ज्या ताईला ठाऊक नव्हत्या आणि मी क्लासात कधी सांगितल्या नव्हत्या. पहिली, हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब मांडला की साधारण ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक, दीड मीटरवरून काढलेल्याच्या तुलनेत, जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. लेन्सचा दोष नाही, अंतराचा. दुसरी, आपण स्वतःला आयुष्यभर आरशात उलटं बघतो, फोटोत सुलटं. १९७७ चा एक प्रयोग आहे, बायकांना स्वतःचा आरशातला फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना त्यांचा सरळ फोटो. सवयीचं आहे सगळं. नवरीची डावी भुवई तिला आरशात नेहमी एका बाजूला दिसायची, सेव्ह झालेल्या फोटोत ती दुसऱ्या बाजूला गेली आणि ताईनं सारखी केली नव्हती म्हणून ठळकही झाली. म्हणून "तोंड वाकडं".

काळी केली हे मात्र सेल्फीचं नव्हे. ते आपलं जुनं दुखणं.

काय काय पर्याय होते

दुसऱ्या दिवशी सोमवार, पार्लर बंद. ताई, हेल्पर पोरगी आणि मी तिथंच बसलो, चहा आणि कालची उरलेली शेव.

एक, गप्पपणे जुन्या पद्धतीवर जायचं. दोन शेड वर, नाक बारीक, भुवया सारख्या. आई खूश, पैसे वसूल, प्रकरण मिटलं. यात तोटा असा की ताईला ते आता करवत नव्हतं. मला वाटलं ती तत्त्वाचं बोलतेय, पण ती म्हणाली हात अडतो. ब्रश नाकाच्या बाजूला नेला की तिला दिसतं तिथं आधीच एक सावली आहे, तिच्यावर दुसरी कुठं घालू.

दोन, आपल्या म्हणण्यावर ठाम राहायचं. समजावून सांगायचं की पोर अशीच सुंदर दिसते.

तीन, अॅडव्हान्स परत करून मोकळं व्हायचं. डिसेंबरमध्ये तारीख रिकामी राहणार, आणि पेडण्यापर्यंत बोभाटा.

चार, दुसरी ट्रायल, फुकट, पण या वेळी नवरीला तिच्या चेहऱ्याकडे ताई जसं बघते तसं बघायची संधी द्यायची आणि मग तिला ठरवू द्यायचं.

मी दोनवर होतो. नुसता होतो असं नाही, मी भाषण दिलं. फोन्सेकाचं उदाहरण दिलं, त्यानं टीका झाली म्हणून मेरी गोरी केली का, वगैरे. लावण्य शब्द लवणावरून, म्हणजे मिठावरून आलाय, प्रमाणशीर असणं वेगळं आणि लावण्य वेगळं, म्हणून षडंगात प्रमाण आणि लावण्ययोजन ही दोन वेगळी अंगं आहेत, असं सगळं. ताई मान हलवत होती.

हेल्पर पोरगी शेव खात होती. एकोणीस वर्षांची असेल, दहावीनंतर इथंच. ती म्हणाली, "सर, फोन्सेकाच्या मेरीनं अॅडव्हान्स दिला नव्हता."

मला आधी राग आला आणि मग हसू. बरोबर बोलली ना ती. चित्रकार ज्याचं चित्र काढतो तो कागदातून बाहेर येऊन चारशे माणसांसमोर स्टेजवर तीन तास उभा राहत नाही. नवरी राहते. आणि त्या चारशे जणांनी काय सतरा महिने कागदावर चारकोल घासलेला नाही. मुलीचा चेहरा ताईच्या नव्या डोळ्यांची परीक्षा देण्यासाठी नाही, हे मला त्या पोरीकडून कळावं याची थोडी लाज वाटली.

तरी एक पर्याय आम्ही कोणीच नीट बोललो नाही आणि तो आजही मला खटकतो, तो म्हणजे फोन करून नवरीशी एकटीशी बोलणं. सगळा व्यवहार आईच्या तोंडून चालला होता. नवरीला काळी दिसण्याचं दुःख होतं की वाकडी दिसण्याचं की आई नाराज झाली त्याचं, हे कोणाला माहीत होतं?

काय केलं

चौथा पर्याय ठरला. ताईनं काकींना फोन केला, माफी मागितली, स्पष्ट शब्दांत, "मी न विचारता केलं, चुकलं" म्हणून. अॅडव्हान्स हवा तर आज परत देते पण एकदा बुधवारी दुपारी या, पैसे नकोत. काकी आल्या, तोंड वर करून, पण आल्या.

ताईनं जे केलं ते मला फार आवडलं, ही आयडिया तिचीच. तिनं नवरीच्या चेहऱ्याचे दोन भाग केले. नाकाच्या मधोमध रेघ धरून डावी बाजू जुन्या पद्धतीनं, दोन शेड वर, नाकाला कंटूर, भुवई पेन्सिलनं उजवीच्या लेव्हलला आणलेली. उजवी बाजू नव्या पद्धतीनं, गळ्याशी जुळलेली. तास-दीड तास लागला. मग मोबाईल हेल्परच्या हातात, पाच फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्यानं. एक खिडकीत, एक आतल्या पिवळ्या लाइटमध्ये कारण हॉलमध्ये तेच असणार, एक फ्लॅश मारून. शेवटी प्रत्येक फोटो उलटवून पुन्हा दाखवला, म्हणजे नवरीला आरशातली ती आणि लोकांना दिसणारी ती दोन्ही दिसाव्यात.

फ्लॅशचा फोटो निर्णायक ठरला. डाव्या बाजूचं तोंड पांढरट आणि त्याखाली गळा तपकिरी, जणू कोणीतरी डोकं दुसऱ्याचं आणून ठेवलंय. त्या बेसमध्ये सनस्क्रीन होतं, त्यातली टायटॅनियम डायऑक्साइडसारखी पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकते त्यामुळे चेहरा आणखीच फटक दिसतो. नवरी फोटो बघून म्हणाली, "आई, गळा बघ." आई बघत राहिली. मग म्हणाली, "गळ्यालाही लावा मग." ताई म्हणाली, "काकी, गळ्याला लावलं तर हात राहतात, चुडा भरलेले हात सगळ्या फोटोत येतात." हिरव्या बांगड्यांच्या वर आणि खाली दोन रंग, हे चित्र काकींच्या डोळ्यांसमोर आलं असावं, त्या गप्प झाल्या.

रंगाचा प्रश्न असा सुटला. पण भुवईच्या बाबतीत नवरी उलट बाजूला गेली. ताईनं तिला सांगितलं की बघ, ती वर चढलेली डावी भुवई तशीच ठेवली तर चेहरा कसा जिवंत वाटतो. नवरी म्हणाली, "ताई, शाळेत मला त्या भुवईवरून चिडवायचे. लग्नाच्या दिवशी तरी सारख्या करा."

याला काय उत्तर आहे? काही नाही. ताईनं वही काढली, "ठेवणे, छान" वर काट मारली आणि लिहिलं: सारख्या करणे, तिला हव्यात.

नाकाचं मधलं काहीतरी ठरलं. नवरीला थोडा कंटूर हवा होता, ताईनं अगदी हलका, बाजूला नाही तर फक्त टोकाखाली, दिला. आणि तिथं तिला सतरा महिन्यांचा क्लास कामाला आला, कारण तिला आता माहीत होतं की त्या नाकाची मुळातली सावली कुठं आहे आणि ती फक्त अर्ध्या टोननं वाढवली की पुरतं. पूर्वीसारखे दोन तपकिरी पट्टे ओढायची गरज नव्हती. म्हणजे ज्यासाठी ती आली होती, नाकाचं शेडिंग, ते शेवटी शिकलीच.

काय झालं

लग्न म्हार्दोळच्या बाजूला एका हॉलमध्ये झालं. ताई पहाटे चारला पोचली. मी गेलो नाही, मला कोण बोलावणार. ताई सांगते की नवरी वळून वळून आरशात बघत होती आणि हेल्परला "वेणी सरळ आहे ना गो" असं चार वेळा विचारलं, म्हणजे बरं लक्षण. एका काकूनं "पोर आपल्यासारखीच दिसते, बरी दिसते" असं म्हटलं, हे कौतुक की टोमणा ते ताईला अजून कळलेलं नाही.

मग अल्बम आला. फोटोग्राफरनं सगळे चेहरे कॉम्प्युटरवर गोरे आणि गुळगुळीत केलेले. नवरीची कातडी पोर्सेलिनची, नवऱ्याचीही, भटजींचीसुद्धा. बुधवारची ती सगळी मेहनत, गळा, हात, चुडा, सगळं एका बटणात धुऊन गेलं. ताईनं मला अल्बमची पानं दाखवली तेव्हा तिला राग येईल असं वाटलं होतं, ती फक्त म्हणाली, "भटजींना कशाला?"

धंद्याचं म्हणाल तर त्या गावातून एक बुकिंग गेलं, एक आलं. बाकी सीझन होता तसाच. ताई क्लासला येते. आता तिची तक्रार वेगळी आहे, डोळा बंद होत नाही. नवरा जेवायला बसला की तिला त्याच्या जबड्याच्या पातळ्या दिसतात, बसमध्ये समोरच्या बाईचं कपाळ मोजत बसते, आणि एकदा आरशात स्वतःचा उजवा गाल डाव्यापेक्षा चपटा आहे हे कळलं तेव्हा दोन दिवस उदास होती. अठ्ठेचाळीस नवरी मुलींच्या चेहऱ्यात जे तिला छान वाटतं ते स्वतःच्या चेहऱ्यात वाटायला वेळ लागतो.

मागे बघताना

माझ्या बाजूनं सांगतो. मी शिकवताना एक गोष्ट गृहीत धरली होती की डोळा उघडला म्हणजे भलंच होणार. पूर्वी ती एका साच्यात बघायची, गोरं, सरळ, सारखं. आम्ही तो साचा मोडला आणि तिच्या नकळत दुसरा दिला, मोडकं नाक, वाकडी भुवई, सुरकुती, ज्यात "कॅरेक्टर" आहे ते सुंदर. आमच्या क्लासात सरळ नाकाचा देखणा मुलगा मॉडेल म्हणून बसला तर पोरं कंटाळतात, हा पण एक साचाच आहे. त्या नवरीनं दोन्हीमधलं काहीच मागितलं नव्हतं.

म्हणून आता क्लासात एक बदल केलाय. मॉडेल शेवटची वीस मिनिटं बोलतं. चित्रं भिंतीला लावतो आणि मॉडेलला विचारतो, यातला तू कोण? पहिल्यांदा फुलवाल्या आजोबांनाच पुन्हा बोलावलं. त्यांनी सगळी चित्रं बघितली, ज्याच्यावर आम्ही सगळे खूश होतो त्या नाकाच्या चित्राजवळ थांबले आणि म्हणाले, "हा आमचा थोरला भाऊ." मग एका बारावीच्या पोराच्या कच्च्या ड्रॉइंगवर बोट ठेवलं, त्यात नाक चुकलेलं होतं पण टोपी बरोबर होती. "हा मी."

ताईनं केलेला बदल साधा आहे. ट्रायलला आलेल्या मुलीला ती आधी आईपासून पाच मिनिटं बाजूला घेते, "बाय, केस धुऊन घेऊ" असं सांगून, आणि बेसिनवर डोकं मागे टेकलेलं असताना विचारते की तुझ्या चेहऱ्यातलं काय तसंच राहायला हवं आणि काय नको. आरसा समोर नसतो म्हणून पोरी खरं बोलतात, असं तिचं म्हणणं. मला वाटतं ट्रायलच्या वेळी जे बिघडलं ते याच पाच मिनिटांत वाचलं असतं. सेल्फी घरी गेल्यावर काढायच्या आधी पार्लरमध्येच पाच फुटांवरून फोटो देते, तेही.

चतुर्थीच्या आधी त्या काकी पार्लरमध्ये आल्या. भाचीचा साखरपुडा होता. खुर्चीत बसल्या, ताईनं टॉवेल गुंडाळला, आणि आरशात ताईला दिसलं की हेच ते नाक, रुंद, टोकाला किंचित खाली. आईचंच होतं. तीन आठवडे सगळ्यांनी त्या पोरीच्या नाकावर चर्चा केली आणि आईचा चेहरा कोणी बघितलाच नव्हता.

ताई काही बोलली नाही. काकीच म्हणाल्या, आरशाकडे न बघता, "माझं मात्र जरा बारीक कर गो."

वहीत त्या पानावर एवढंच आहे: रंग गळ्याशी जुळवणे. नाक बारीक, काकींनी सांगितलं.